किनारा एक, विद्यापीठे अनेक

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पिलांना एकदा तरी प्रजननाची संधी मिळावी, हा त्यामागील हेतू. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासावर ही मोजमापे आधारलेली आहेत; त्यांच्या शास्त्रीयतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. सातपाटी, हर्णै वा मालवणच्या बंदरावरील नाखव्याला हे शास्त्र समजावून सांगायचे कोणी? त्याच्या दारी शासन पोहोचते ते बहुधा दंडाच्या पावतीसह.

शेतकऱ्याच्या बाबतीत या प्रश्नाला निदान कागदोपत्री तरी उत्तर आहे. पंतनगर येथे १९६० साली देशातील पहिले कृषी विद्यापीठ निघाले, ते अमेरिकेतील भूमि-अनुदान महाविद्यालयांच्या धर्तीवर. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, हे त्या पद्धतीचे सूत्र. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली त्याच सूत्रावर उभे राहिले. अमेरिकेने मात्र १९६६ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. तेथील कायद्याने हीच योजना समुद्राला लागू केली. विद्यापीठांना केंद्राचे अनुदान मिळू लागले, त्याला स्थानिक पैशाची जोड बंधनकारक झाली आणि विद्यापीठांचे विस्तारसेवक बंदरांतून वावरू लागले. योगायोग असा की, आपल्याकडील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही १९६६ चीच. दोना पावला येथील या संस्थेने नाव कमावले, यात शंका नाही. परंतु ती मूलतः संशोधनसंस्था. भूमीचे सूत्र आपण घेतले, सागराचे घ्यायचे राहून गेले.

त्याचा परिणाम कोकणपट्टीवर स्पष्ट दिसतो. रत्नागिरीनजीक शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे. पुढे पशू व मत्स्य विज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ झाले, ते नागपूरला! विदर्भातील तलावांना त्याचा उपयोग आहे, हे मान्य. पण शिरगावचे महाविद्यालय दापोलीकडे राहावे की नागपूरकडे जावे, हा वाद त्यातूनच उद्भवला व बराच काळ गाजला. रत्नागिरीतच मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. गोवा विद्यापीठात सागरविज्ञानाचे अध्यापन चालते, आणि समुद्रविज्ञान संस्था त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर. विद्वत्तेचे दारिद्र्य नाहीच. दारिद्र्य आहे ते देवाणघेवाणीचे. अशा संस्थांमध्ये सामंजस्य करार होतात, छायाचित्रे छापून येतात, आणि करारांची फाईल कपाटात विसावते. शिरगावच्या विद्यार्थ्याने गोव्यात एक सत्र शिकून ते आपल्या पदवीत धरून घ्यावे, ही साधी गोष्ट आजही सहजसाध्य नाही. श्रेयांक-पेढीची व्यवस्था २०२१ पासून अस्तित्वात आहे, म्हणजे नियमांची सबब आता पूर्वीइतकी पुढे करता येणार नाही.

हा केवळ विद्यार्थ्यांच्या सोयीचा प्रश्न नव्हे. मालवणच्या समुद्रात १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि स्थानिक मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला. प्रवाळांचे रक्षण व्हावे, हे शास्त्र खरे होते. आपली जाळी कुठे टाकायची, ही मच्छीमारांची चिंताही खरी होती. दोन्ही बाजूंचा विश्वास असलेली, मराठीत बोलणारी आणि बंदरावरच राहणारी विद्यापीठीय यंत्रणा तेव्हा मध्यस्थीला नव्हती. ती असती तर विरोध मावळला असता, असे नव्हे; पण निदान वाद माहितीच्या आधारावर झाला असता.

विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटरवर समुद्रतळावर आंग्रिया बँक हे प्रवाळांचे पठार आहे, सरखेल आंग्र्यांचे नाव मिरवणारे. राज्याचा मासेमारीवरील अधिकार १२ सागरी मैलांवर संपतो; हे पठार त्याच्या कितीतरी पलीकडे. तेथे जायचे तर मोठे जहाज हवे, आणि ‘सिंधु साधना’सारखे जहाज असते समुद्रविज्ञान संस्थेकडे. कोकणातील विद्यार्थ्यांसाठी त्यावर दरवर्षी काही जागा राखून ठेवाव्यात, त्या सफरीचे गुण सर्व संबंधित विद्यापीठांनी धरावेत, आणि परतल्यावर त्याच विद्यार्थ्यांनी जून-जुलैच्या मासेमारीबंदीच्या काळात बंदरोबंदरी जाऊन आपली निरीक्षणे मच्छीमार सोसायट्यांपुढे मराठीत मांडावीत. एवढ्यासाठी नवे विद्यापीठ नको, नवी इमारतही नको. कुलगुरूंनी एका टेबलाशी बसले तरी पुरे.