उत्तर नको, कोन दाखवा

दोस्तांनो, आधी एक गणित घ्या. कवितेच्या मासिकात गणित कशाला म्हणून नाक मुरडू नका. कविता पळून जात नाही.

दोन टनांची पेटी क्रेनला टांगलीय. दोन बाजूंनी दोन साखळ्या, वर एकाच आकड्यात अडकवलेल्या. प्रत्येक साखळी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते. एका साखळीवर ताण किती?

एक टन म्हणालात ना? मीही तेच म्हणालो. मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटी टोळीत सहा वर्षं साखळ्या अडकवतोय. उत्तर आहे दोन टन. एकेका साखळीवर दोन-दोन टन.

हे गणित माझ्या धाकट्या बहिणीला घरी करायला दिलं होतं. इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष. पोरगी मराठी शाळेतून बल, त्वरण, संवेग घोकून गेली. तिथं फोर्स, ॲक्सिलरेशन, मोमेंटम पुढ्यात आले. तीच माणसं, कपडे परके. सरांना शंका विचारली. सर म्हणाले, "एवढं बेसिक येत नाही तर इथं आलीस कशाला?" वर्गातल्या पोरांना विचारलं, तर त्यांनी आधी हिचे प्रवेशपरीक्षेतले मार्क विचारले. हे मार्क विचारणं म्हणजे जात विचारणं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मुंबईच्या आयआयटीला २०२३ साली लेखी सूचना काढावी लागली, की कुणी कुणाला रँक विचारू नये. दुखणं नसतं तर औषध कशाला काढलं?

शेवटी एकानं दया केली. सोडवलेल्या वहीचे फोटो पाठवले. "उतरून काढ." तिनं काढलं. पैकीच्या पैकी मार्क. आणि तोंडी परीक्षेला सरांनी फक्त एक आकडा बदलला, ३० च्या जागी १५. पोरगी गप्प. मागून कुणीतरी हसलं, "कोटा."

द्रोणाचार्य शहाणा झालाय, दोस्तांनो. आता तो अंगठा मागत नाही. तो तयार उत्तर देतो. मग अंगठा असून काय उपयोग? ज्याच्याकडं पैसा आहे तो क्लासला लाख मोजतो, तिथं त्याला डोकं वापरायला शिकवतात. आमच्या पोरांच्या हातात मोबाईल. गणिताचा फोटो काढा, पायऱ्यांसकट उत्तर हजर. ह्याला मदत म्हणायचं? च्यायला, ही तर खरकट्याची ताटली. फक्त काचेची.

त्या रात्री ती रडत बसली. मी खडू घेऊन फरशीवर पेटी काढली. मला गणित येत नव्हतं, म्हणून मी उत्तर देऊच शकत नव्हतो. नुसतं विचारत गेलो.

"ही साखळी पेटीला कुठं ओढते?"

"वर."

"नुसती वर? आमच्याकडं साखळी पसरट लागली की पेटीच्या कडा आत दबतात. करकरते."

ती थांबली. खडू माझ्या हातातून घेतला. बाण काढले. "दादा, वरची ओढ दोघींत वाटली जाते, एक-एक टन. पण दोघी एकमेकींना आतही ओढतात. ती ओढ काही उचलत नाही, नुसती भांडते. साखळीला मात्र ती सोसावी लागते." तीस अंशांची साईन अर्धी. एक भागिले अर्धा, दोन. मग १५ अंशांचं तिनं एकटीनं काढलं : ३.८६ टन. ६० अंशांचं १.१५. साखळी जितकी आडवी, तितका ताण जास्त.

ती हसायला लागली. मला घाम फुटला.

कारण दोन वर्षांमागं आमच्या टोळीत दोन टनांचं पोलादी पट्ट्यांचं बंडल उचलताना साखळी तुटली. एका काकांचा पाय गेला. साखळी दीड टनाची, वर झिजलेली. मुकादमाचा हिशेब माझ्यासारखाच : दोन टन, दोन साखळ्या, एक-एक टन, लाव. बंडल रुंद, साखळी आखूड, कोन पंधराच्या आसपास. चौकशीत लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. कोन कुणी मोजला नाही. साक्षीदार म्हणून खाली सही माझी. अंगठा नाही, सही! मॅट्रिकवाल्याची.

म्हणतात, गुरुत्वाकर्षण जात बघत नाही. खरंय. पण तुटणाऱ्या साखळीखाली कोण उभं राहणार, ते जात बघूनच ठरतं. म्हणून ही गणितं आम्हाला पाहिजेत. नोकरीसाठी पाहिजेत, आणि जिवासाठीही पाहिजेत.

आता आपल्यांना सांगतो. आपले इंजिनीअर झालेले साहेब जयंतीला हार घालून मोटारीनं परत जातात. वस्तीतल्या एका पोराच्या वहीत डोकं घालायला त्यांना वेळ नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांचे कायदे बघत होते, तसेच धरणं आणि वीज बघत होते. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं, त्यात कला होती तसं विज्ञानही होतं. आणि खुद्द त्यांना पोरवयात केळुस्कर गुरुजी भेटले. गुरुजींनी पुस्तकं दिली. वाचायचं काम मात्र भीमरावानंच केलं. मदत ही अशी असते.

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. विहाराच्या भिंतीला एक फळा. रात्री आठ ते दहा. शिकलेल्यानं यायचं. फी नाही. रँक विचारायचा नाही. तयार उत्तर द्यायचं नाही. आधी विचारायचं : चित्र काढलंस का? कोण कुठं ओढतंय? कुठं अडलंस? मराठीत विचारा, इंग्रजी शब्द शेजारी लिहा. आणि गोदीतल्या, गटारातल्या, बांधकामावरच्या माणसांना पुढं बसवा. ताण म्हणजे काय ते त्यांच्या खांद्यांना ठाऊक आहे. त्याचं सूत्र त्यांच्यापासून लपवलं गेलंय.

काकांची चौकशी पुन्हा उघडा, असा अर्ज मी लिहिलाय. माझी आधीची साक्ष चुकीची होती, हेही त्यात लिहिलंय. नोकरी जाईल, जाऊ दे. अर्जाला एकच कागद जोडलाय : बहिणीच्या वहीचं पान.