नुसते 'छान' म्हणू नका!



गेल्या पंधरवड्यात कुरुळीला जाणे झाले. मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली की चाकणच्या अलीकडे, पुणे-नाशिक रस्त्यावर हे गाव लागते. चहूकडे कारखाने उभे राहिले, कित्येकांच्या जमिनी गेल्या. तरी उरल्या वावरात कांदा करणारी घरे आहेत. अशाच एका घरी कांद्यावरचा करपा पाहायला गेलो होतो. पाहणी झाली, फवारणी सांगितली, चहा आला. चहापाठोपाठ सूनबाईंनी मोबाईल पुढे केला.

"साहेब, एवढं गाणं ऐका आन् खरं सांगा. सगळे नुसतं छान म्हणत्यात."

तुकोबांचा अभंग होता. श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेला, लताबाईंनी गायलेला. सूनबाईंनी तो स्वतःच्या आवाजात घरीच भरला होता. मालक रात्रपाळीला, मुले झोपलेली, तेवढीच त्यांची मोकळीक. गाणे माहेरच्या आणि भावकीच्या साठ-सत्तर जणांना पाठवले. सगळ्यांनी हात जोडले, फुले धाडली. एकाने मात्र 'आवाजात दम नाही' एवढेच कळवले. त्या दिवसापासून बाईंनी गाणे बंद केले. इतकेच नव्हे, गावच्या सप्ताहात महिला भजनी मंडळाने त्यांच्याकडे दिलेला अभंगही 'दुसरीला द्या' म्हणून त्या सांगून आल्या होत्या.

आता मला गाण्यातले काय कळते? पण नमुन्यातले कळते. 'जमीन कशी आहे' असे कोणी मोघम विचारले, तर मीही 'चांगली आहे' म्हणून मोकळा होतो. सामू किती, स्फुरद किती असे विचारले, तरच कामाचे उत्तर देता येते. शिवाय मातीचा नमुना बांधालगतचा किंवा उकिरड्याजवळचा आणला, तर अहवाल बरोबर येतो, पण तो आपल्या शेताचा नसतो. म्हणून मी आधी विचारले, "ताई, हे भरलं कुठं आन् कसं?"

नव्या स्लॅबच्या खोलीत. खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या, वर पंखा चालू. मोबाईल चार-पाच हात लांब टेबलावर. वाद्यांचा तयार ट्रॅक दुसऱ्या मोबाईलवर मोठ्याने लावलेला, आणि दोन्ही आवाज एकदमच भरलेले. दुधात पाणी पडले की निराळे काढता येत नाही, तसे झाले होते.

सूनबाईंचे सासरे ओसरीवर बसले होते. जुने पखवाजी, आता कमी ऐकू येते. मी म्हटले, आबांना ऐकवा. त्यांनी मोबाईल कानाशी धरला, शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "पखवाज येतोय. शब्द कुठं गेलं?"

"आन् आवाज कसा वाटला, आबा?" सूनबाईंनी भीतभीत विचारले.

"तुझा आवाज मी रोज ऐकतो, भाकरी थापताना. तो चांगला हाय. ह्यात तो न्हाईच."

साठ-सत्तर जणांनी जे सांगितले नाही, ते कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितले. दोष गळ्याचा नव्हता. खोलीचा आणि भरण्याच्या पद्धतीचा होता. उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो, शब्दावर शब्द चढतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, गाणाऱ्यातच दम नाही.

ज्यांच्या घरी मुले-मुली गाणी भरतात, त्यांनी एवढे करून पाहावे.

१. खोलीत दोऱ्या बांधून गोधड्या टांगाव्यात, खाली जाड सतरंजी अंथरावी. घुमणे कमी होते. पंखा बंद ठेवावा. रस्त्यावरच्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून आतली खोली निवडावी.

२. मोबाईल तोंडापासून वीतभर, पण किंचित बाजूला धरावा. समोर धरल्यास 'प', 'फ', 'भ' म्हणताना वारा आदळतो. फार मोठ्याने भरून आवाज फाटला, तर तो मागाहून दुरुस्त होत नाही.

३. ट्रॅक इयरफोनने कानात ऐकावा आणि आपला आवाज तेवढा निराळा भरावा. मग दोन्ही जुळवावेत. यालाच मिक्सिंग म्हणतात. ट्रॅक आधी अगदी बारीक करावा आणि शब्द झाकू लागेपर्यंत हळूहळू वाढवून थोडा मागे घ्यावा.

४. झालेले गाणे तीन ठिकाणी ऐकावे: मोबाईलच्या स्पीकरवर, इयरफोनवर आणि ट्रॅक्टरवरच्या किंवा मंडळाच्या मोठ्या बॉक्सवर. मोबाईलच्या लहान स्पीकरवर पखवाजाचा धुम्म नीट येत नाही. तो तिथे वाढवाल, तर मोठ्या बॉक्सवर कान बसतील.

५. मूळ गाण्याशी तुलना करताना दोन्ही सारख्याच आवाजात लावावीत. जे मोठे वाजते ते उगाच चांगले वाटते. आणि तुलना शब्दांच्या स्पष्टपणाची करावी. स्टुडिओच्या थाटमाटाची नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचे, ते विचारण्याचे. सत्तर जणांना 'कसे वाटले' म्हणू नये. तिघांनाच विचारावे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न करावा. भजनीबुवांना: सूर कुठे घसरला? पखवाज्याला: ताल कुठे सुटला? गाण्यातले काही न कळणाऱ्याला: कोणता शब्द समजला नाही? पाठवताना स्पीकरवर लावून व्हॉइस मेसेज करू नये, मूळ फाइल पाठवावी. नाहीतर पुन्हा बांधावरचीच माती.

सांगणाऱ्यावरही जबाबदारी आहे. लताबाई नवख्या असताना मुंबईच्या लोकलमध्ये त्यांची आणि दिलीपकुमार यांची भेट झाली. मराठी गायिकेच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो, अशा अर्थाचे ते काहीतरी बोलले. लताबाईंना ते लागले. पण त्यांनी गाणे सोडले नाही. उर्दू शिकवायला शिक्षक लावले. बोल कडवट होता, पण दोष नेमका दाखवला होता, म्हणून त्यावर इलाज करता आला. 'दम नाही' या बोलावर काय इलाज करणार? आपल्या शेजारचे आळंदी पाहा. जोगमहाराजांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आजही विद्यार्थी गुरूसमोर बसून शिकतात. चुकल्या जागी थांबवणारा माणूस समोर असणे, हा शिक्षणाचा अर्धा भाग आहे.

एक सूचना. घरच्यांना, जाणकारांना ऐकवणे निराळे आणि गाणे जगजाहीर करणे किंवा विकणे निराळे. अभंगाचे शब्द तुकोबांचे, ते सर्वांचे आहेत. चालीवरचा हक्क मात्र संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे राहतो, आणि खळे २०११ साली गेले. तयार ट्रॅकही कोणाच्या तरी मालकीचा असतो. तेव्हा आधी परवानगीची चौकशी करावी.

चार दिवसांनी सूनबाईंचे नवे गाणे आले. मागे कुठेतरी ट्रकचा हॉर्न आहे, पण प्रत्येक शब्द उमटतो. मी फोन करून विचारले, आबा काय म्हणाले?

"म्हणाले, शब्द आलं. पण तिसऱ्या चरणाला दम तुटतोय, तिथं आधी श्वास घे."

हे सांगताना बाईंचा आवाज खुशीत होता. सप्ताहातला अभंग मंडळाकडून परत मागून आणलाय, असेही त्या म्हणाल्या. रोज सकाळी तिसऱ्या चरणाचा सराव चालू आहे, भाकरी थापता थापता.

असो. कांद्यावरचा करपाही आटोक्यात आहे.