बुडालेली जहाजे आणि बुडविलेला हिशेब

महाराष्ट्र शासनाच्या मनात अलीकडे समुद्रतळाविषयी प्रेम उत्पन्न झाले आहे. २०२४ साली नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीच्या खडकांजवळ मुद्दाम बुडवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय उभारण्याची योजना आखली गेली आणि तिच्यासाठी केंद्राने सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले. पर्यटक खाली उतरतील, जहाजावर प्रवाळ वाढेल, माशांना आसरा मिळेल, असे सांगितले जाते. मिळो बापडा! परंतु जी जहाजे माणसांसह, तेलासह आणि विषासह आधीच बुडालेली आहेत, त्यांचा हिशेब कोणी ठेवावयाचा? हा प्रश्न पनवेल-उरणच्या खाडीकाठी विचारला जाणे अगत्याचे आहे. कारण त्या हिशेबाची किंमत येथल्याच माणसांनी मोजली आहे.

पनवेल हे एके काळचे बंदर. बोरघाटात आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेलच्या धक्क्यास लागे आणि तेथून घाट चढे. खाडी गाळाने भरत गेली, व्यापार न्हावा-शेव्याच्या खोल पाण्याकडे सरकला. राहिले ते खाडीतले कोळी आणि आगरी. ह्या किनाऱ्याचा सर्वांत मोठा घाव मात्र खाडीच्या मुखापलीकडे, रेवसच्या वाटेवर आहे.

१७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्यास महिनाही उरला नसताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकानजीक बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईस वार्ता कळावयास दुपार उलटली. तोवर रेवसकडच्या मच्छीमारांनी आपल्या होड्यांतून जमतील तेवढे जीव बाहेर काढले होते. बोट होती इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन कंपनीची. स्वदेशीच्या अभिमानाने लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. त्याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ ह्या दोन बोटी १९२७ साली एकाच दिवशी बुडाल्या होत्या. वीस वर्षांत त्यातून काय शिकले गेले, हे ‘रामदास’च्या उतारूंनी पाहिले.

ह्या जलसमाधीस वारसा म्हणावे काय? कायदा म्हणतो, अद्याप नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यास शंभर वर्षांचे वय लागते. १९३६ साली बांधलेल्या ‘रामदास’ने २०३६ पर्यंत थांबावे. पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयी युनेस्कोने २००१ साली केलेल्या करारास तर शंभर वर्षे पाण्याखालीच गेलेली हवीत, आणि त्या करारास भारताने अजून मान्यताही दिलेली नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुंची खडकाजवळच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधून अभ्यासले, हे काम मोलाचेच. परंतु साम्राज्याच्या व्यापारी गलबतास इतिहास मिळावा आणि गटारीच्या आदल्या-मागल्या दिवसांत घराकडे निघालेल्या कोकणी गिरणी कामगारास, गृहिणीस तो मिळू नये, ही वयाची गणना नव्हे. ही वर्गाची गणना आहे.

पुरोगामी चळवळीतील काही मित्रांना हा सारा विषय चैनीचा वाटतो. भुकेल्या माणसाच्या पोटाचा प्रश्न सोडून बुडालेल्या लोखंडाचे कौतुक कशाला, असे ते विचारतात. त्यांनी ७ ऑगस्ट २०१० आठवावा. न्हावा-शेव्याहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया-३’ ह्यांची टक्कर झाली. ‘चित्रा’तून सुमारे ८०० टन तेल सांडले, शेकडो कंटेनर पाण्यात गेले, काहींत कीटकनाशके होती. उरण, घारापुरी, अलिबागपर्यंत तिवरांच्या मुळांवर काळा थर बसला. पावसाळी बंदी संपून हंगाम उघडण्याच्या तोंडावरच हे घडले. बंदर काही दिवस बंद राहिले, मग उघडले, आणि उघडताच प्रश्न सुटला असे मानण्यात आले. कंटेनरांची गणती झाली. न विकल्या गेलेल्या मासळीची कोणी केली? तिवरांत वाढणारी कोळंबी, खेकडे, निवट्या हेच ज्याचे भांडवल, त्याच्या पोटाचा प्रश्न ह्याच बुडालेल्या लोखंडात आहे.

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर ‘रॅक कॅरियर’ बुडाले. पोटात साठ हजार टन कोळसा. माल अदानी उद्योगसमूहाचा, दहेजकडे चाललेला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि अदानींना ५ कोटी रुपये पर्यावरणीय भरपाई ठोठावली. निकाल मोलाचा खरा, परंतु पैसा भरावयाचा केंद्राच्या नौवहन मंत्रालयाकडे! समुद्र नासला कोळ्याचा, तिजोरी भरावयाची मंत्रालयाची. दोन्ही अपघातांच्या वेळी लागू असलेल्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यास बुडीत जहाज म्हणजे मालकाने वर्षभरात दावा सांगून सोडवून न्यावयाची मालमत्ता, एवढेच दिसत होते.

मच्छीमारास हक्कदार मानणे अशक्य आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. ह्याच लवादाने २०१५ साली जेएनपीटीच्या भरावामुळे मासेमारी गमावलेल्या १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्यांत पनवेल तालुक्यातील गव्हाणचे कोळी होते, उरणचे होते. जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको ह्या तिघांवर तो भार टाकला गेला. हे कोणा मंत्र्याचे औदार्य नव्हे. कोळ्यांनीच दाद मागून मिळविले. जेथे १९८४ च्या जानेवारीत भूसंपादनाच्या लढ्यात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, त्या मुलखास न मागता काही मिळत नाही हे ठाऊक आहे.

मे २०२५ मध्ये ‘चित्रा’च्याच कंपनीचे ‘एल्सा-३’ कोचीपुढे बुडाले, तेव्हा केरळ सरकारने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा लावला. महाराष्ट्राने ते धैर्य दाखवावे. मुंबई बंदरापासून रायगडच्या टोकापर्यंत बुडालेल्या प्रत्येक जहाजाची जाहीर नोंदवही करावी: कोठे, कोणाचे, पोटात काय, तेल काढले की नाही. ती करताना मच्छीमार संस्थांना सोबत घ्यावे. कोणत्या जागी जाळे अडकून फाटते हे त्यांना कोणत्याही सर्वेक्षणापूर्वी ठाऊक असते. भरपाईचा पैसा मंत्रालयात न थांबता त्यांच्या हाती पडावा. आणि काशाच्या खडकाजवळची जागा स्मारक म्हणून संरक्षित करण्यास २०४७ ची वाट पाहू नये; ‘गुलदार’साठी जे ४७ कोटी मिळाले, त्याचा अल्पसा अंशही त्या कामास पुरेल.