चेहरा नसलेली खिडकी

गेल्या नाताळापूर्वी आमच्या वाडीच्या धर्मग्रामात एक वाद झाला. गोठ्यामागे लावायच्या पडद्यासाठी तरुण मंडळींनी संगणकावर एक नक्षी तयार केली होती. निळे, सोनेरी, तांबडे चौकोन आणि त्रिकोण. ना तारा, ना देवदूत, ना उंट. रंग मुलांनी निवडले होते. कोणता रंग कोठे पडावा हे यंत्राने ठरवले होते. एका आजीबाईंना तीत गोधडी दिसली आणि त्या प्रसन्न झाल्या. पण ज्येष्ठांपैकी बहुतेकांचे मत पडले, की हे काही आपले नव्हे. यात प्रभू कोठे आहे, आणि यंत्राने काढले त्यात भक्ती कोठली? पडदा गुंडाळून कपाटावर गेला. आम्ही त्या वेळी गप्प बसलो. ते चुकले, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाद वाडीतला असला, तरी याहून फार मोठ्या मंदिरात तो आधीच होऊन गेला आहे. जर्मनीतील कोलोनच्या कॅथीड्रलमध्ये दक्षिणेकडील भव्य खिडकीची जुनी चित्रे दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली आणि पुढे कित्येक वर्षे तेथे साधी काच राहिली. नवी खिडकी करायचे ठरले तेव्हा मॅक्सिमिलियन कोल्बे, ईडिथ स्टाइन अशा विसाव्या शतकातील हुतात्म्यांची चित्रे असावीत, अशी तेथील धर्मगुरुमंडळाची मूळ इच्छा होती. चित्रकार गेरहार्ड रिष्टर यांनी तो प्रयत्न सोडून दिला आणि वेगळेच काही पुढे ठेवले : ७२ रंगांच्या ११,२६३ चौकोनी काचा, आणि त्यांची मांडणी संगणकाने यदृच्छेने ठरवलेली. २५ ऑगस्ट २००७ रोजी ही खिडकी लोकांसाठी खुली झाली. कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल योआखिम माइस्नर यांनी उघड नापसंती दर्शवली. अशी खिडकी मशिदीत किंवा दुसऱ्या एखाद्या प्रार्थनागृहात अधिक शोभेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

कार्डिनल माइस्नर २०१७ साली प्रभूच्या घरी गेले. पूर्व जर्मनीच्या निरीश्वरवादी राजवटीत ज्यांनी बर्लिनच्या बिशपपदाची धुरा वाहिली, त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याची आमची प्राज्ञा नाही. शिवाय त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. शब्द देही झाला, हा आपल्या धर्माचा गाभा. देवाला चेहरा आहे, असे आपण मानतो. चर्चमधून मूर्ती आणि चित्रे काढून टाका, असे कोणी म्हणू लागला तर त्याच्याविरुद्ध आम्हीच प्रथम उभे राहू. पण एक खिडकी, एक पडदा चेहऱ्यावाचून असला, तर श्रद्धा पातळ होते काय? बाराव्या शतकातील सिस्टर्शियन संन्याशांनी आपल्या मठांच्या खिडक्यांतून चित्रे आणि क्रूसदेखील वर्ज्य करून पांढरी काच बसवण्याचा नियम केला होता. रोममधील सान क्लेमेन्ते बॅसिलिकेची जुनी फरशी पाहावी : वर्तुळे, चौकोन, नागमोडी पट्टे, आणि त्यांवरून शतकानुशतके मिस्साबलिदानाला जाणारे भाविक. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने तर १९६३ सालीच स्पष्ट केले, की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली स्वतःची मानलेली नाही. मग भूमिती मशिदीच्या नावे लिहून देण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? आणि शेजाऱ्याच्या प्रार्थनागृहाचे नाव नापसंतीचा शब्द म्हणून वापरणे, हे निदान आपल्या देशात तरी आपल्या तोंडी शोभत नाही.

राहिली यंत्राची गोष्ट. यदृच्छेत देव नाही म्हणणाऱ्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय उघडावा. यहूदाची जागा भरायची होती तेव्हा प्रेषितांनी दोन लायक माणसे निवडली, प्रार्थना केली, आणि मग चिठ्ठ्या टाकल्या. मत्थिया प्रेषित झाला तो असा. विचार माणसांनी केला. शेवटचा निवाडा मात्र हातचा सोडून दिला. रिष्टर यांनीही रंग निवडले ते त्याच कॅथीड्रलमधील जुन्या खिडक्यांशी जुळतील असे, आणि मग आपला हात मागे घेतला. यात आम्हांला उद्धटपणा दिसत नाही, दिसते ती नम्रता. दारापुढच्या ठिपक्यांच्या रांगोळीचे तरी काय? तिचेही नियमच असतात. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली तामिळ कोलमची रचना गणिती व्याकरणात बसवून दाखवली. म्हणून काही अंगण झाडून पहाटे रांगोळी घालणाऱ्या बाईची भक्ती खोटी ठरली नाही.

यंत्राचे काम आपल्याला लगेच ओळखू येते, हाही भ्रमच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ए. मायकेल नोल यांनी १०० जणांपुढे दोन चित्रे ठेवली : एक पीट मोंद्रियानच्या १९१७ सालच्या रेषाचित्राची प्रत, दुसरे त्याच धर्तीचे संगणकाचे. १९६६ साली त्यांनी निष्कर्ष छापले. संगणकाचे चित्र कोणते, हे केवळ २८ जणांनी बरोबर सांगितले. ५९ जणांना तेच अधिक आवडले. दोन्ही प्रती सारख्याच छापील होत्या, म्हणजे मोंद्रियानचा रंग आणि हात आधीच पुसलेला होता, हे मात्र ध्यानात ठेवावे. यंत्र जिंकले, असे आम्ही म्हणत नाही. पाहणाऱ्याने छातीठोकपणे बोलू नये, एवढेच म्हणतो.

'हे आपले नव्हे' हे वाक्य आम्ही पूर्वीही ऐकले आहे. गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली तेव्हा आपल्याच लोकांनी त्यांना विरोध केला, आणि त्यांनी पुण्याच्या आश्रमात राहून आपले काम केले. आज साडीतली मरिया पाहून कोण दचकतो?

आणि आता खरे दुखणे. ज्यांनी मुलांचा पडदा यंत्राचा म्हणून नाकारला, त्यांतील कित्येकांच्या मोबाईलवरून आम्हांला रोज सकाळी प्रभू येशूचे एक चित्र येते. चकचकीत डोळे, नटासारखी दाढी, मागे सूर्यास्त, आणि आशीर्वादाच्या हाताला कधी सहा बोटे. हेही यंत्रानेच केलेले, अगणित चित्रे आणि छायाचित्रे गिळून. त्याला चेहरा आहे, एवढ्यावर ते पवित्र ठरते. मुलांच्या चौकोनांनी आपण कोणी आहोत असा दावा केला नव्हता. हा चेहरा मात्र प्रभूचा म्हणून फिरतो, आणि आपण अंगठा टेकवून तो पन्नास घरी धाडतो. कशाला भ्यावे, याचा आमचा हिशेब नेमका उलटा झाला आहे.

पडदा अजून कपाटावर आहे. धूळ झटकून तो येत्या नाताळात गोठ्यामागे लावण्यास आम्ही मुलांना सांगितले आहे. मुखदर्शन हवे असेल त्यांच्यासाठी बाळ येशू नेहमीप्रमाणे पुढे गव्हाणीत असेलच. तक्रारी मिस्सानंतर ऐकू.