सर्वांत मागचा गडी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली कीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या आपल्या उपनगरांतील तरुण मंडळींत अलीकडे निराळेच बेत शिजूं लागतात. पूर्वीं सुट्टी म्हणजे आजोळ, आंबे आणि विहिरींतील पोहणें; आतां चार मित्र जमले कीं मनाली, जिस्पा, सारचू, लेह अशीं नांवें निघतात, सायकलींच्या किंमती विचारल्या जातात, आणि घरच्या वडील माणसांची संमति कशी मिळवावी याचीं खलबतें सुरू होतात. आमच्या शाळेचे माजी विद्यार्थीहि यांत मागें नाहींत. या हौसेस आमचा पाठिंबा आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. मात्र तिच्याबरोबर एक गोष्ट शिकली पाहिजे असें आम्हांस वाटतें, व तिच्याविषयींच येथें लिहिण्याचें योजिलें आहे.

सायकलीवरून दूरदेशीं जाणें हें कांहीं परक्यांचें अनुकरण नव्हे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर प्रवास करून मार्च १९२८ मध्यें परतले. बाकीच्या तिघांनीं वाटेंतच निरोप घेतला होता. अलीकडचें उदाहरण घ्यावयाचें तर नाशिकचे डॉक्टर बंधु हितेंद्र व महेंद्र महाजन यांनीं २०१५ सालीं अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. एकानें चालवावें व दुसऱ्यानें विसांवा घ्यावा, असा त्या दोघांच्या शर्यतीचा प्रकार. तींत पायांच्या बळाइतकेंच भावाचा थकवा ओळखण्याचें शहाणपणहि लागतें.

डोंगरी सायकल ही मात्र तशी अर्वाचीन वस्तु. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील टमलपायस पर्वताच्या उतारांवर कांहीं हौशी तरुणांनीं जुन्या सायकली दामटल्या, त्यांतून ती निपजली. १९९६ सालीं अटलांटा येथें तिला ऑलिंपिक सामन्यांत स्थान मिळालें. रुंद खांचेदार टायर, बळकट सांगाडा व अनेक गिअर हीं तिचीं लक्षणें. लहान गिअर टाकला कीं उभा चढहि बसल्या बसल्या चढतां येतो, आणि नवशिक्याची फसगत होते ती येथेंच. यंत्रानें पायांचें काम हलकें केलें म्हणून फुप्फुसांचें काम हलकें होत नाहीं.

वाचकहो, आपण राहतों समुद्राच्या कांठीं. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तें १,६४६ मीटर. मनाली गांवच सुमारें २,००० मीटरांवर वसलेलें आहे. म्हणजे आपल्या उभ्या प्रांतांत जी उंची नाहीं, तिच्याहून वर गेल्यावर या प्रवासाचें पहिलें पाऊल पडतें! मनालीहून लेहला जाणारी सडक तांगलांग खिंडींत ५,३०० मीटरांच्याहि वर चढते. आल्प्स पर्वताचें सर्वोच्च शिखर माँ ब्लाँ याहून ठेंगणें आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें निम्म्याच्या जवळपास येतो. सुमारें २,५०० मीटरांपासून कांहीं जणांस डोकें दुखणें, मळमळ, झोंप न लागणें हा त्रास होऊं लागतो. दुखणें वाढलें तर फुप्फुसांत किंवा मेंदूंत पाणी सांचून प्राणांवर बेततें. हा विकार दणकट तरुणांस वगळीत नाहीं; उलट आपल्या बळाच्या भरंवशावर जो घाईनें चढतो, त्यालाच तो आधीं गांठतो. म्हणून ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरांहून अधिक वाढवूं नये व तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा, असा वैद्यकाचा नियम आहे.

या वाटेवर सारचूची जागा विशेष कठीण. ती सुमारें ४,३०० मीटरांवर असून तिच्या एका अंगास बारालाचा व दुसऱ्या अंगास लाचुंग अशा उंच खिंडी आहेत. दुखणाइतास ताबडतोब खालीं न्यावें हा खरा उपाय. पण सारचूहून खालीं जाण्यापूर्वीं पुन्हां वर चढावें लागतें! तेव्हां मागें फिरावयाचें कीं नाहीं, याचा निर्णय बारालाचा ओलांडण्यापूर्वींच केला पाहिजे. ज्याचें डोकें दुखत आहे त्यानें तें लपवूं नये, आणि इतरांनीं त्याला लपवावेंसें वाटूं देऊं नये.

मुख्य मुद्दा हाच. मुलगा दुखणें कां लपवितो? आपल्यामुळें मित्रांचा बेत मोडेल, पुढें जन्मभर थट्टा होईल, या भीतीनें. आजकाल मोबाईलमध्यें कोण किती वेगानें गेला याचा हिशेब तत्क्षणीं होतो व तो चारचौघांस दाखविलाहि जातो. त्यामुळें मित्रांची सहल नकळत शर्यत बनते, आणि सर्वांत मागचा गडी हा सर्वांच्या वाटेंतील धोंडा ठरतो. आमच्या मतें मंडळीची गति तीच, जी सर्वांत मागच्याची असेल. घरून निघण्यापूर्वींच सर्वांनीं मिळून ठरवावें कीं, आजाऱ्यास एकट्यास सोडावयाचें नाहीं, त्याच्याबरोबर निदान एक धडधाकट गडी खालीं उतरेल, आणि तो कोण हें चिठ्ठ्या टाकून नव्हे, तर आपण होऊन पुढें येईल त्यावरून ठरेल.

यावर कोणी म्हणेल, वर्षभर पैसा सांठविला, रजा घेतली, तें सर्व एकाच्या डोकेदुखीपायीं वायां घालवावें काय? आक्षेप खोटा नाहीं. हळहळ तर होणारच. परंतु खिंड पुढील उन्हाळ्यांतहि तेथेंच असेल. मित्राचें तसें नाहीं. शिवाय आज तो मागें आहे, उद्यां आपण असूं.

तयारीसाठीं दूर जावयास नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील कान्हेरीची सडक, आरेंतील चढउतार, मुलुंडकरांस जवळची येऊरची टेकडी, आणि पाय मुरल्यावर कसारा व बोरघाट, ही आपली तालीम. बिबट्यांचें रान आहे, तेव्हां परवानगीच्या वाटेनेंच जावें व अंधार पडण्यापूर्वीं परतावें. या घाटांनीं पाय तयार होतील. उंचीची संवय मात्र येथें लागणार नाहीं, ती तेथेंच धीमेपणानें लावून घ्यावी लागेल. परंतु मागच्यासाठीं थांबण्याची संवय येथेंच लावतां येते. पुढच्या रविवारीं कान्हेरीस जातांना सर्वांत मागें कोण आहे तें पाहावें, व त्याच्या बरोबरीनें चालवावें.

पालकांसहि आमची विनंति आहे. मुलानें हिमालयाची गोष्ट काढली कीं लागलींच नाहीं म्हणूं नये, किंवा सायकल किती किंमतीची एवढेंच विचारूं नये. तुमच्यांतील कोणी आजारी पडला तर काय करणार, असें विचारावें. सर्वांनीं त्याचें उत्तर एकच दिलें, तर खुशाल जाऊं द्यावें.