पाण्याकाठची शांतता

भद्रावतीहून वणीकडे जाताना वर्धा नदी ओलांडावी लागते. हिवाळ्यातील प्रभाती तेथे थांबून पाहणाऱ्यास पाणी निळे दिसत नाही. कोठे राखी, कोठे मातकट, आणि सूर्य वर येताच क्षणभर नारिंगी. नदी निळीच असावी हा ग्रह शाळेतील रंगपेटीने करून दिलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या काही चित्रकारांनी तो बाजूस सारला आणि त्या त्या घटकेला डोळ्यांना जे दिसले तेच रंगवले. १८७४ मधील त्यांच्या पहिल्या प्रदर्शनाची यथेच्छ टिंगल झाली. मराठीत या पंथास दृक्प्रत्ययवाद म्हणतात.

त्यांपैकी क्लोद मोने यांनी १८९१ मध्ये एप्त नदीच्या काठावरील पॉप्लर वृक्षांची चित्रमालिका हाती घेतली. काम अर्धे असतानाच ती झाडे लिलावात निघाली. मोने यांनी लाकडाच्या व्यापाऱ्याशी बोलणी केली आणि चित्रे पुरी होईतो झाडे उभी राहावीत यासाठी स्वतःचे पैसे मोजले. चित्रांत वारा दिसतो, उजेड दिसतो. तो व्यवहार कोठेही दिसत नाही.

महाराष्ट्रात पाण्याकाठच्या अशा शांततेचे मोल वेगळ्या रीतीने चुकवले ते कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते गावी परतले. मुंबईत नाव आणि पैसा दोन्ही होते. त्यांनी मात्र कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेचा काठ निवडला. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला, तरी राहणी फकिरीचीच राहिली. तेच पाणी, तेच झाड, तोच घाट; प्रहर आणि ऋतू तेवढे बदलत. रंगांचे लहान लहान ठिपके शेजारी ठेवून ते ऊन आणि धुके उभे करीत. परदेशी पाऊल न टाकता हा मनुष्य मोने यांच्या इतक्या जवळ पोहोचला, याचे नवल वाटते. त्याहून नवल याचे, की घराघरांत मोने ठाऊक असतात आणि आबालाल सांगावे लागतात.

१९२२ मध्ये महाराज निवर्तले. त्या शोकात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. आकडा सांगणारे हजारोंचा सांगतात; त्याची मोजदाद अर्थात कोणीच ठेवलेली नाही. ज्या पाण्याचा रंग टिपण्यात आयुष्य गेले, त्याच पाण्यात तो रंग विरघळला असेल, तर त्या संध्याकाळी काठावर उभ्या असलेल्याला तळे कसे दिसले असेल?

आबालाल १९३१ मध्ये गेले. त्यांची उरलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. अंबाबाईच्या दर्शनास जाणाऱ्यांना तेथवरचे अंतर फारसे नाही.