चित्र त्यांचे, सूर कोणाचे?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकावरील आर्नहेम लँड या प्रदेशात 1948 साली एक मोठी शास्त्रीय मोहीम गेली. ऑस्ट्रेलियन सरकार, अमेरिकेतील नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी आणि स्मिथसोनियन संस्था यांचे पाठबळ तिला होते, आणि नेतृत्व चार्ल्स माउंटफर्ड या, मूळच्या टपाल खात्यातील यंत्रज्ञाकडे होते. मोहिमेने झाडे, मासे, सालींवरील चित्रे आणि (हेही सांगितले पाहिजे) थडग्यांतील अस्थीसुद्धा परत आणल्या. त्याखेरीज आणली ती रंगीत फिल्म. तिच्यातून तेथील आदिवासींच्या जीवनावर अनुबोधपट निघाले आणि त्यांना संगीत दिले सिडनीच्या मिरी हिल या संगीतकार बाईंनी, पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी स्वरलेखन करून.

म्हणजे पडद्यावर माणसे नाचत होती, गात होती, टिपऱ्या वाजवीत होती; प्रेक्षकाच्या कानावर मात्र व्हायोलिने आणि बासऱ्या येत होत्या. याचे समर्थन नेहमी तांत्रिक अडचणींनी केले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्या काळचे हलके कॅमेरे मुके होते आणि दृश्याशी तंतोतंत जुळणारा ध्वनी रानात टिपणे दुरापास्त होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ऑस्ट्रेलियन नभोवाणीचा चमू त्याच वर्षी त्याच मोहिमेच्या तळावर ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन गेला होता. ती गाणी नभोवाणीवर लोकांनी ऐकली. सूर उपलब्ध नव्हते असे नव्हे. शहरी प्रेक्षकाला ते सोसतील असा विश्वास नव्हता.

त्या गायनाची घडण पाहिली म्हणजे अडचण कोठे होती हे कळते. चाल बहुधा वरून सुरू होऊन पायरी-पायरीने खाली उतरते, स्वरांची अंतरे पियानोच्या पट्ट्यांत बसत नाहीत, आणि डिजेरिडूचा एकच खोल सूर गालांत हवा साठवून न तुटता चालतो. स्वरलिपीत हे बसवायचे तर काहीतरी छाटावेच लागते. चित्रपट-संगीताने छाटून झाल्यावर जे उरते त्याचा एक साचा बनवला: खर्जातील तंतुवाद्यांचा सलग सूर, नगाऱ्याचे ठोके, एकाकी ओबोची लकेर. ‘आदिम’ म्हटले की हाच साचा. मिरी हिल यांचे काम मात्र केवळ साच्यात मोडण्याजोगे नाही. माउंटफर्ड यांनी गोळा केलेल्या चालींकडे त्यांनी लक्ष दिले. त्याच प्रदेशाच्या नावाची सिंफनीही 1954 साली लिहिली. जॉन अँटिल यांच्या ‘करोबोरी’चे संगीत 1946 मध्ये गाजले, पण 1954 साली एलिझाबेथ राणीसमोर त्याचे नृत्य झाले तेव्हा दीक्षा घेणाऱ्या मुलाची भूमिका अमेरिकन नर्तकी बेथ डीन यांनी केली! हेतू आदराचा होता. आदर करणाऱ्याने ज्याचा आदर करायचा त्याला रंगमंचावर बोलवायचे राहून गेले, एवढेच.

ही चूक एकट्या ऑस्ट्रेलियाची मानण्याचे कारण नाही. जॉन ग्रिअरसन यांच्या सल्ल्यातून तेथील सरकारी चित्रपट मंडळ 1945 मध्ये उभे राहिले. 1948 मध्ये मुंबईत आलेल्या फिल्म्स डिव्हिजनवरही त्याच विचारपरंपरेचा ठसा होता. निवेदकाचा भारदस्त आवाज आणि मागे वाद्यवृंद, ही रीत आपल्याकडच्या चित्रगृहांनाही परिचित होती.

आता हे जुने चित्रपट डिजिटल होऊन त्या समाजांकडे परत जात आहेत, आणि एक नवा उत्साह दिसतो: वाद्यवृंद पुसावा, खरे ध्वनिमुद्रण बसवावे. या उत्साहाला आवर घातला पाहिजे. हिल यांचे स्वर हाही पुरावाच आहे. गोऱ्या समाजाला काय ऐकायचे होते त्याचा. ते पुसले तर झालेली मुस्कटदाबीही पुसली जाईल. शिवाय ‘खरे’ गाणे बसवणेही निर्धोक नाही. तेथे गाणे कुळाच्या मालकीचे असते, काही गाणी ठरावीक माणसांनीच ऐकायची असतात, आणि एका सोहळ्याच्या दृश्याला दुसऱ्याचे गाणे जोडणे हा गंभीर अपराध ठरू शकतो. 1976 साली माउंटफर्ड यांच्याच पुस्तकात गुप्त धार्मिक माहिती छापली गेल्याबद्दल पिट्जंट्जारा लोक न्यायालयात गेले आणि नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाने पुस्तकाच्या विक्रीला मनाई केली. विद्वानांची मैत्री, परवानगीचे तोंडी शब्द, संशोधनाचे महत्त्व, यांतील काहीही त्या मनाईला थोपवू शकले नाही.

तेव्हा मार्ग असा आहे की मूळ चित्रपट संगीतासह तसाच ठेवावा, आणि क्षेत्रातील ध्वनिमुद्रणे स्वतंत्रपणे त्या कुळांच्या स्वाधीन करावीत. कोणते गाणे कोणत्या दृश्याशेजारी ऐकवायचे, की मुळीच ऐकवायचे नाही, हे त्यांनी ठरवावे. चित्रागाराने केवळ खर्च उचलावा. थडग्यांतून नेलेल्या अस्थी परत येऊन 2011 मध्ये गन्बलान्या येथे पुरल्या गेल्या, त्यासाठी अनेक वर्षे पत्रव्यवहार आणि वाटाघाटी कराव्या लागल्या. ध्वनीच्या प्रती देण्यास तेवढा काळ लागू नये. हे सूर ज्यांनी बालपणी ऐकले अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत.